गाडीचं तेरावं

आमच्या ग्रुपवर गाडीचं नाव घ्यायचं नाही, असा नियम आहे. हसू नका, त्यामागे मोठं भांडण आहे. गाडी जपानी, नाव जपानी, आणि ते म्हणायचं कसं यावरून एकदा असं पेटलं की दोघं ग्रुप सोडून गेले. तिसऱ्याने कुठूनसा एका जपानी माणसाचा व्हिडिओ आणला, तर त्या जपान्याचा उच्चारही आमच्यातल्या एकाला पटला नाही. शेवटी अॅडमिनने फतवा काढला. यापुढे नाव कोणीच घ्यायचं नाही, नुसतं 'ती' म्हणायचं. पूर्वी बायका नवऱ्याला 'हे' म्हणायच्या ना, तसं. आमच्या अंगवळणी पडलं. ती दिसली, ती भारी, ती परवडत नाही.

परवडत नाही हे तर धरूनच चाला. ग्रुपवर मिरा रोडपासून विरारपर्यंतची माणसं आहेत, पण ती गाडी एकाकडेही नाही. तिचं इंजिन किती वेगाला कसं ओरडतं, कुठल्या साली तिच्या बॉनेटला भोक आलं, हे आम्ही झोपेत सांगू, आणि सकाळी उठून स्कूटरला किक मारू. अॅडमिन विम्याच्या कंपनीत आहे. ठोकलेल्या गाड्या बघायला जाणं हे त्याचं काम, त्यामुळे त्याचा चेहरा कायम दुःखी. दुसरा उत्तनचा. घरची होडी आहे, मासळी पोचवायला टेंपो आहे, सगळे त्याला नाखवा म्हणतात. आणि मला म्हणतात काका. सुरुवातीला राग यायचा. आता एका कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालोय, केस उरलेत ते पांढरे आहेत, रागावणार कुठल्या तोंडाने?

रविवारी सकाळी आम्ही हायवेला काशीगावच्या बाजूला एका चहाच्या टपरीवर भेटतो. कधी चार जण असतात, कधी दहा. जाणाऱ्या गाड्या बघायच्या, नावं ठेवायची, चहा प्यायचा, घरी जायचं. याला लोक वेडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

मी तिला प्रत्यक्ष एकदाच पाहिलंय, तेही तिथेच, सिग्नलला. मी स्कूटरवर, मागे माझी ताई, तिच्या मांडीवर अस्तराच्या कापडाची पिशवी. बाजूला येऊन ती थांबली. पांढरी, बुटकी, रुंद. चालवणाऱ्याने उगाच रेस केली, त्या आवाजाने ताईने माझा शर्ट मागून मुठीत धरला. सिग्नल सुटला, ती भुर्रकन गेली, मागचे चार गोल लाल दिवे लांब जाईपर्यंत मी तिथेच. मागून रिक्षावाल्यांच्या शिव्या.

"एवढी चिडलेय कशाला ती?" ताईने विचारलं. "कोण काय बोललं तिला?"

घरी पोचेपर्यंत मी हसत होतो. तेव्हापासून आमच्या घरातही 'ती' म्हणजे गाडीच. "तुझी ती आली बघ मोबाइलवर," असं ताई स्वयंपाकघरातून ओरडायची.

ताई माझ्याहून मोठी. आम्ही रत्नागिरीकडचे. आधी ती मुंबईला आली, मग तिने मला आणलं, आणि मग आम्ही दोघं बेव्हर्ली पार्कमध्ये राहिलो ते राहिलोच. लग्न तिनेही नाही केलं, मीही नाही. लोक विचारतात का. नाही केलं, झालं. प्रत्येक गोष्टीला कारण असायला ती काय कोर्टातली केस आहे? ताई घरी ब्लाउज शिवायची. बिल्डिंगमधल्या गुजराती, मारवाडी, मुसलमान, बंगाली, सगळ्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती, आणि कोणाची कंबर किती वाढली हे ती मला जेवताना सांगायची. मी कानावर हात ठेवायचो.

शोकेसमध्ये माझी एक छोटी गाडी होती. तीच ती, पांढरी, तळहाताएवढी. धूळ बसते म्हणून मी कुरकुर करायचो. एक दिवस बघतो तर गाडीवर कव्हर. खऱ्या गाडीला घालतात तसं, खणाचं, आतून अस्तर, खालून बारीक इलॅस्टिक. आरशांना दोन चिमुकले कान काढलेले. म्हटलं, "ताई, हे काय?" म्हणाली, "माप सोपं होतं. हिची कंबर वाढत नाही."

तर हे असं चाललं होतं, आणि जपान्यांना अवदसा आठवली. त्यांनी तिचं रूप बदललं.

संध्याकाळची वेळ होती. नव्या गाडीवरचा पडदा ओढतानाचा व्हिडिओ ग्रुपवर आला. मग फुटला बांध. मागचे चार गोल दिवे गायब! त्यांच्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल पट्टी. पुढचे डोळे बारीक केलेले, जबडा बारीक केलेला, मागचा पंख छाटलेला. कोणी लिहिलं, ही ट्यूबलाइट कोणी लावली? कोणी लिहिलं, गणपतीच्या मखराची लायटिंग उरली होती वाटतं. एकजण म्हणाला, म्हातारपणी प्लास्टिक सर्जरी केली की असंच होतं. अॅडमिनने लिहिलं की अपघातानंतर गॅरेजवाल्याने चुकीचे पार्ट बसवलेल्या गाड्या तो रोज बघतो, पण कंपनीनेच असं करावं हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. नाखव्याने नुसता एक व्हॉइस मेसेज टाकला, "न्हाय न्हाय न्हाय न्हाय," आणि मागे समुद्राचा आवाज. एकाने तर शपथ घेतली, की आता काहीही झालं तरी मी ही घेणार नाही. अरे बाबा, तुझी स्कूटर लावायला सोसायटीत जागा नाही, तू न घेतल्याने जपानात कोण रडणार आहे?

पण खरं सांगू? मीही तसाच होतो. मलाही काहीतरी माझं हिसकावून नेल्यासारखं वाटलं. ताटावर बसलो आणि भात नुसता चिवडत राहिलो.

ताईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा हात थांबला. "काय रे? कोण गेलं?"

"ती गेली," मी म्हणालो.

"कोण ती?"

"गाडी. नवीन मॉडेल आलंय. वाट लावली सगळी."

"मेल्या!" ताईने आमटीचा डाव माझ्यावर उगारला. "जीव घाबरा केलास माझा! गाडीसाठी असं तोंड करतात? मला वाटलं गावाकडून फोन आला." मग हात पुसत म्हणाली, "आण बघू इकडे."

तिने चष्मा लावला. मोबाइल जवळ धरला, लांब धरला. व्हिडिओ थांबवायला लावला, पुढून बघितली, मागून बघितली. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून बघायची तशी. मी आपला आशेने बसलेलो, की आता ही चार शिव्या घालेल.

"पाठ चांगली बसलीये," ती म्हणाली.

"काय?"

"मागून फिटिंग चांगलं आहे. आधीची पाठीत फुगायची. पुढून गळा जरा खोल गेलाय, पण चालतं हल्ली." चष्मा काढून तिने मोबाइल परत दिला. "बरी आहे की. शांत दिसते. आधीची आपली कायम भांडायला आलेली."

मी चिडलो. तुला काय कळतं गाड्यांमधलं, असं बरंच बोललो, आणि ती मजेत भात कालवत राहिली. तेवढ्यावर थांबायचं ना मी! पण तोंडाला कुलूप नाही. ग्रुपवर लिहिलं की आमच्या घरात एकीला नवीन आवडलीये. झालं. सगळे तुटून पडले. काका, घरात गद्दार! काका, गद्दाराला आजच्या आज ग्रुपसमोर हजर करा! मी ते ताईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती रागावेल. तिने मोबाइल हिसकावून घेतला आणि विचारलं, बोलायचं कुठे दाबून?

तिचा तो व्हॉइस मेसेज अख्ख्या ग्रुपला पाठ झाला. "मी गद्दार बोलतेय. गाडीची पाठ चांगली बसलीये. गळा थोडा खोल आहे, पण गळा खोल असला म्हणून तुम्ही पोरांनी गळे काढू नका. जेवा आणि झोपा."

एकदम हिट. ज्याने आयुष्यात कधी ब्लाउज शिवायला टाकला नाही तोसुद्धा दुसऱ्या दिवशी लिहू लागला, गळा खोल आहे. दरवाजाची बाही बघितली का? तिची काच म्हणजे अस्तर न लावलेल्यासारखी. नाखवा रोज सकाळी विचारायचा, गद्दार मॅडम काय बोलतात? आणि ताई पोहे परतता परतता उत्तर द्यायची, सांग त्यांना, अजून आवडते. अॅडमिनने जुन्या गाडीच्या फोटोला हार घातला, खाली लिहिलं भावपूर्ण श्रद्धांजली, आणि जाहीर केलं की तिचं तेरावं करायचं. दिवस मोजायचे नाहीत, ज्या रविवारी सगळ्यांना जमेल तो तेरावा. ताईला हे ऐकून एवढं हसू आलं की तिला मशीन थांबवावी लागली. म्हणाली, मला घेऊन चल. बघू तरी कोण कोण येडे आहेत.

त्याच आठवड्यात तिच्या छातीत दुखलं.

सकाळी मशीनवर बसली होती, उठली, परत बसली. म्हणाली गॅस झालाय. गॅस नव्हता. रिक्षातून हॉस्पिटलात नेलं, आयसीयूत ठेवलं. दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर. एकदा आत सोडलं तेव्हा तिने विचारलं जेवलास का, आणि दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा काही विचारलं नाही. गावचा चुलतभाऊ सारखा मेसेज करत होता, कशी आहे, कशी आहे. एवढंच काय ते आमचं नात्यातलं माणूस.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी हिंदीत सांगितलं. मी मान हलवली. बाकावर बसलो आणि भावाला कळवायचं म्हणून मोबाइल काढला. फोन करायचं धैर्य नव्हतं, आवाज फुटला नसता. त्याचा मेसेज समोर दिसत होता, त्याच्यावर बोट ठेवतोय तोवर ग्रुपवर काहीतरी आलं आणि ग्रुप वर सरकला. त्या आठवड्यात तो असाच सारखा वर सरकत होता. मला कळलं नाही. मी लिहिलं, 'ती गेली', आणि पाठवलं.

लगेच मोबाइल थरथरायला लागला. मला वाटलं भाऊ.

'काका आत्ता उठले वाटतं! ती तर गेल्या आठवड्यातच गेली.'

'गेली हो काका, आपल्याला सोडून गेली.'

मग रडक्या चेहऱ्यांची रांग. हसता हसता रडणाऱ्या चेहऱ्यांची दुसरी रांग. हात जोडलेले. अॅडमिनने परत तो हार घातलेला फोटो टाकला, भावपूर्ण श्रद्धांजली. आणि नाखव्याने लिहिलं, 'गद्दार मॅडमना दाखवा, खूश होतील.'

मी तिथे बसून सगळं वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. त्यांच्यावर राग आला का? नाही आला. त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे ती म्हणजे गाडी, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पुसून टाकता आलं असतं, नाही पुसलं. नर्स बोलवायला आली, सह्या करायच्या होत्या, मी मोबाइल खिशात टाकून आत गेलो.

सह्या झाल्यावर भावाला पुन्हा नीट कळवलं. चुलतभाऊ संध्याकाळपर्यंत पोचला. चांगला माणूस आहे, त्याने सगळं अंगावर घेतलं. पण घाईत होता. म्हणाला, तिसऱ्या दिवशीच आटपून घेऊ, हल्ली सगळे तसंच करतात. मी म्हटलं, तेरावं? तर म्हणाला, "करू की, पण जेवायला बोलावणार कोणाला? आहे कोण आपलं इथे?" खरंच कोण होतं? बिल्डिंगमधल्या बायका येऊन गेल्या. चांगल्या बोलल्या, डोळे पुसले, पण सगळं हिंदीत. मी त्यांना 'दीदी एक्सपायर हो गईं' म्हणायचो. एक्सपायर! औषधाची बाटली होते ती एक्सपायर. माझी ताई गेली होती, आणि ती गेली हे म्हणायला माझ्याजवळ माणूस नव्हतं. भाऊ निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू रडला नाहीस रे अजून. रडून घे." रडणं म्हणजे काय नळ आहे, पाणी आलं की भरून घेतलं?

मग मी एकटा.

एकटेपणाबद्दल लोक फार मोठं मोठं बोलतात. मला विचाराल तर एकटेपणा म्हणजे कुकर. माझ्या हाताला एकट्यापुरता भात येतच नाही, अजूनही येत नाही. चहाचं आधण ठेवलं की दोन कप. संध्याकाळी मशीनचा आवाज बंद, तर वरच्या मजल्यावरचं भांडण शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं. मशीनवर एक हिरवा ब्लाउज तसाच, एक बाही लावलेली, दुसरी टाचणीने अडकवलेली. तो कोणाचा हे ताईलाच माहीत. कोणी मागायला आलं नाही आणि मी तो हलवला नाही.

खालच्या किराणावाल्याने एक दिवस विचारलं, "दीदी दिखती नहीं?"

मी म्हटलं, "गई."

"गाँव गई?"

मी काय म्हणणार होतो? मागे गिऱ्हाईक उभं, हातात साखरेची पुडी. तोंडातून निघून गेलं, "हां."

"अच्छा है, थोडा आराम मिलेगा. कब आएगी?"

"देखते हैं," म्हणालो आणि जिना चढलो. दारापाशी येऊन मी किल्ली हातात धरून बराच वेळ उभा होतो. किराणावाल्याच्या हिशेबी ताई गावाला होती, आंब्याच्या झाडाखाली बसून वहिनीशी गप्पा मारत होती. मला ते आवडलं. वेड लागलं म्हणा.

आणि ग्रुपवर तर ती घरातच होती. नाखव्याने विचारलं, गद्दार मॅडम गप्प का झाल्या? मी मोबाइल घेऊन बसलो. लिहायचं होतं की बाबा, मी त्या दिवशी जे लिहिलं ते गाडीचं नव्हतं. अर्धं लिहिलं, पुसलं. मग लिहिलं, 'म्हणतेय, अजून आवडते.' धडाधड उत्तरं आली. निषेध! निषेध! गळा खोल आहे, मॅडम! मी हसलो. घरात कोणी नसताना मोठ्याने हसलो.

त्यानंतर रोजच. नव्या गाडीचा काळ्या रंगातला फोटो आला की विचारायचे, मॅडमचं मत? मी डोळे मिटायचो, ती काय म्हणाली असती ते ऐकायचो आणि लिहायचो. काळ्यात बारीक दिसते. तो सोनेरी पट्टा काढा, लेस लावल्यासारखं वाटतंय. ते शब्द माझे नव्हते, तिचेच होते, इतकी वर्षं कानावर पडलेले. पण पाठवून झालं की घर आधीपेक्षा जास्त रिकामं व्हायचं. सांगितलं असतं तर या एका जागेवरूनही ती गेली असती. आणि नाही सांगितलं, तर तिच्यासाठी वाईट वाटून घेणारा जगात मी एकटाच उरत होतो. या दोन्हीत मी असा अडकलो की धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

आणि मग अॅडमिनने लिहिलं, या रविवारी गाडीचं तेरावं. सगळ्यांनी यायचंच. काकांनी गद्दार मॅडमना घेऊन यायचं, त्यांच्या हातून पहिला घास.

तेव्हा मात्र मला राग आला. सणकून आला. गाडीचं तेरावं होतंय! पत्र्याच्या, कोणी हात न लावलेल्या गाडीचं तेरावं, आणि माझ्या ताईचं तिसऱ्यावर आटपलं, कारण जेवायला बोलवायला कोण नाही. जायचं नाही, असं मी ठरवलं. ग्रुप सोडायचा, असंही ठरवलं. रविवारी सकाळी अंघोळ केली, कपडे चढवले, शोकेस उघडली आणि ती छोटी गाडी कव्हरसकट पिशवीत टाकली. का टाकली, मला माहीत नाही. ताई म्हणाली होती मला घेऊन चल.

टपरीवर सगळे आले होते, नेहमीपेक्षा जास्त. बाकावर जुन्या गाडीचा मोठा फोटो, चौकटीत लावलेला, त्याला झेंडूचा खरा हार. समोर उदबत्ती. भाईंदरच्या एकाने फाफडा-जिलेबी आणली होती, नाखव्याने घरून बोंबलाची चटणी. तेराव्याला बोंबील चालतात का, यावर वाद सुरू होता. हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर उदबत्तीचा धूर आडवा व्हायचा.

"काका आले! एकटेच? गद्दार कुठाय?"

मी पिशवीतून गाडी काढून फोटोसमोर ठेवली. क्षणभर सगळे वाकून बघत राहिले. नाखव्याने ती उचलली, माशाला उचलतात तशी खालून अलगद, आणि कव्हरवरून अंगठा फिरवला.

"काय फिटिंग हाय! ते कान बघा आरशाचे. कोनी शिवलं, काका?"

"ताईने."

"मॅडमनी? आरं, मग त्यांना आनायचं ना!"

"ती गेली," मी म्हणालो.

सगळे खो खो हसले. "म्हणून तर जमलोय, काका!" अॅडमिन म्हणाला. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, कोणीतरी हातात जिलेबी दिली. मी ती जिलेबी धरून उभा. नाखवा हसला नाही. त्याच्या हातात अजून ती गाडी होती, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काका," तो हळू म्हणाला. "ही 'ती' ती न्हाय ना?"

मी मान हलवली. नाही.

एकेकाचं हसणं थांबलं. मागे उभ्या असलेल्यांना कळायला जरा वेळ लागला, त्यांना पुढच्यांनी कोपराने ढोसलं. अॅडमिनने विचारलं कधी, आणि मी सांगितलं. ज्या सकाळी मी लिहिलं ना, त्याच सकाळी. तो मेसेज भावाला जायचा होता. अॅडमिनने डोळे मिटून घेतले. त्याला आठवत असणार त्याने काय लिहिलं होतं ते. मला वाटलं, आता हे माफी मागत बसणार आणि मला ते सहन होणार नाही. पण अॅडमिनने पुढे होऊन गाडीच्या फोटोवरचा हार काढला. काढला खरा, पण ठेवायचा कुठे ते त्याला कळेना. तो हार दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. नाखव्याने ती छोटी गाडी कव्हर नीट करून परत बाकावर ठेवली. अॅडमिनने हार हळूच तिच्याभोवती ठेवला.

मग त्याने खिशातून मोबाइल काढला. नव्या गाडीचा फोटो उघडला आणि बघत राहिला. पुढून बघितली, मागून बघितली.

"काका," तो म्हणाला, "पाठ चांगली बसलीये तशी."

"हां," भाईंदरवाला म्हणाला. "पीछे से तो मस्त है."

"गळा जरा खोल हाय," नाखवा म्हणाला. "पन चालतं हल्ली."

"शांत दिसते," मागून कोणीतरी म्हणालं. ज्याने न घेण्याची शपथ घेतली होती तो होता.

महिनाभर ज्यांनी त्या गाडीचा उद्धार केला होता, ती माणसं एकामागून एक मान डोलवत होती. बरी आहे. बरी आहे की. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. एकालाही ती आवडली नव्हती.

"थापा मारू नका रे," मी म्हणालो. "भिकार दिसते ती. ट्यूबलाइट."

आणि मग तिथेच, हायवेच्या कडेला, हातात जिलेबी धरून, मी गळा काढला.